झाडपाल्याचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

गुराढोरांच्या आजारांवर झाडपाल्याची औषधे वापरण्याच्या आपल्या परंपरेला अलीकडे एकाएकी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. कालपर्यंत ज्यांनी तिला 'गावठी' म्हणून नाक मुरडले, तेच आज तिच्यावर परिसंवाद भरवीत आहेत. दूधसंघ पत्रके वाटतात, औषध कंपन्या त्याच मुळ्या नि साली बाटल्यांत भरून विकतात, आणि प्रत्येक गोष्टीत प्राचीन वैभव शोधणारी मंडळी या परंपरेला ऋषिमुनींच्या खात्यावर जमा करून मोकळी होतात. या सगळ्या गौरवाच्या गलक्यात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हे ज्ञान उभे केले कोणी, आणि त्यांच्या पदरात आज काय पडते?

हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. त्यांतील बहुसंख्य भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांच्या दावणीला आहेत, आणि त्यांची राखण मुख्यतः बायका करतात. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नव्हे. मुलाची फी, घरातले आजारपण, पेरणीच्या तोंडावरचे बियाणे, या सर्व अडीअडचणींत विकायला जवळ असते ती शेळी. ती दगावली की त्या घराची ठेव बुडते. तेव्हा जनावराच्या औषधाचा प्रश्न हा पुराणवस्तुसंशोधनाचा विषय नसून रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे.

राजाचा घोडा आणि कुणब्याचा बैल

आपल्याकडे पशुवैद्यकावर जुने ग्रंथ आहेत, ही गोष्ट खरी. शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यक आहे, नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सा आहे, पालकाप्याच्या नावावर हत्तींचे आयुर्वेद आहे. परंतु हे ग्रंथ कोणत्या प्राण्यांविषयी आहेत ते पाहावे. घोडा आणि हत्ती ही राजाची युद्धसाधने. त्यांच्या पोटदुखीवर पंडितांनी अध्याय लिहिले, कारण त्यांच्या पाठीवर राज्य उभे होते. गाईबैलांच्या उपचारांचा विचार अग्निपुराणासारख्या ठिकाणी थोडाबहुत येतो. शेळी आणि मेंढी मात्र या पांडित्याच्या परिघात जवळजवळ आल्याच नाहीत. ज्या बैलाने शेते नांगरली आणि ज्या मेंढराने ती खतावली, त्यांच्या वैद्यकाला पोथी मिळाली नाही.

म्हणून ते वैद्यक नव्हते काय? ते होते, आणि पोथीहून विस्तृत होते. ते धनगराच्या वाड्यावर होते, गवळ्याच्या गोठ्यात होते, डोंगरातल्या आदिवासी पाड्यावर होते, गावोगाव मुळ्या विकीत फिरणाऱ्या वैदूच्या झोळीत होते, आणि पहाटे उठून शेण काढणाऱ्या बाईच्या हातात होते. या लोकांनी ते लिहून ठेवले नाही, कारण त्यांच्या हाती लेखणी येऊच दिली गेली नव्हती. आज 'आमच्या ग्रंथांत सर्व काही होते' अशी ग्वाही दिली जाते, तेव्हा ज्यांना ग्रंथाजवळ फिरकू दिले नाही त्यांच्या कष्टाचे श्रेय ग्रंथाला दिले जाते. ही चोरी सूक्ष्म आहे, म्हणून ती सहसा लक्षात येत नाही.

या ज्ञानाचा पाया निरीक्षणाचा आहे. माणूस आपले दुखणे सांगतो, जनावर सांगत नाही. त्यामुळे रवंथ कधी थांबला, ओली असणारी नाकपुडी केव्हा कोरडी पडली, कान गार लागतात की तापलेले, शेणाला वास कसा येतो, कळपातले कोणते मेंढरू मागे रेंगाळते, यांवरून आजार ओळखण्याची विद्या पिढ्यानुपिढ्या कमावली गेली. कोवळ्या आणि पाण्यावाचून वाढ खुंटलेल्या ज्वारीत जनावर सोडू नये, हे गुराख्याच्या पोराला ठाऊक असते. अशा ज्वारीत विषारी सायनाइड तयार होते, हे रसायनशास्त्राने पुढे सांगितले.

उपचारांचेही तसेच. लुसलुशीत हिरवा चारा अधाशीपणाने खाल्लेल्या जनावराचे पोट फुगते तेव्हा गोडेतेलात ओवा नि हिंग घालून पाजतात. पोटात वायूचा जो फेस झालेला असतो तो तेलाने मोडतो. आधुनिक पशुवैद्यकही फेस मोडणारी औषधे याच तत्त्वावर देते. खरजेवर करंजाचे तेल, जंतांवर पळसपापडी आणि वावडिंग, हगवणीवर कुड्याची किंवा डाळिंबाची साल, मुक्या मारावर शेकलेला निरगुडीचा पाला, मोडलेल्या हाडावर हाडसांधीच्या वेलाचा लेप आणि वर बांबूच्या कामट्या, उवांवर सीताफळाच्या बियांची पूड अशी ही यादी फार लांबविता येईल. साल आणि पाला वनस्पतीच्या कोणत्या वयात काढावा, कोणत्या ऋतूत काढावा, गाभण जनावराला काय देऊ नये, हे बारकावे त्यात आहेत. अनुभव, चूक, दुरुस्ती आणि पुन्हा अनुभव अशा मार्गाने हे ज्ञान तयार झाले आहे. श्रमातून विज्ञान जन्मते ते याच रीतीने.

गौरवाच्या भरात काय विसरू नये

परंतु या परंपरेचे भाट होणे हेही आपले काम नव्हे. जे लोकांचे आहे ते सर्वच बरोबर, असे मानणे म्हणजे लोकांचा आदर करणे नव्हे. त्यांना अज्ञानात ठेवण्याची ती सोयीस्कर तऱ्हा आहे.

बुळकांडीचे उदाहरण घ्यावे. या एका रोगाने शतकानुशतके या देशातील गोठे ओस पाडले. गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल १८७१ साली निघाला. १८८९ साली याच कामासाठी पुण्यात जीवाणुशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली आणि पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. बुळकांडीपुढे कोणताही झाडपाला टिकला नाही. मरीआईची गाडी गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडली तरी साथ थांबली नाही. ती थांबली लशीने. १९५४ साली देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली, सरकारी पशुवैद्य आणि लस टोचणारे कर्मचारी खेडोपाडी हिंडले, १९९५ साली भारतात या रोगाची शेवटची नोंद झाली आणि २०११ साली सर्व जगातून तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक नोकरांनी, नफ्याचा विचार न करता मिळवलेला हा विजय आहे. खासगीकरणाची आरती ओवाळणाऱ्यांना त्याची आठवण वारंवार करून दिली पाहिजे.

घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या-खुरकूत या रोगांचेही तेच. लाळ्या-खुरकुतीत तोंडातील व्रण बाभळीच्या सालीच्या काढ्याने धुतल्यास जनावराला आराम पडतो आणि ते चारा खाऊ लागते. पण रोगाचा विषाणू त्याने मरत नाही आणि शेजारचा गोठा वाचत नाही. २०२२ साली लंपी चर्मरोगाने महाराष्ट्रात हाहाकार उडवला. त्या वेळी विड्याची पाने, मिरे, मीठ नि गूळ यांचे चाटण पुष्कळांनी दिले, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही त्याची माहिती प्रसिद्ध केली. जनावराची शुश्रूषा म्हणून त्याला विरोध करण्याचे कारण नाही. तथापि साथ आटोक्यात आणण्याचे काम शेळ्यांच्या देवीवरील लस गाईबैलांना टोचून करावे लागले. शुश्रूषा आणि प्रतिबंध यांतला हा भेद आपण लोकांना स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

शिवाय या परंपरेत क्रौर्य आणि धोकाही आहे. पोटफुगीपासून लंगडेपणापर्यंत कशावरही तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी अजून मोडलेली नाही. बिब्ब्याने कातडी पोळते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. औषध घाईने पाजले तर ते श्वासनलिकेत उतरते आणि जनावर न्युमोनियाने मरते. ही तपासणी करणे म्हणजे परंपरेचा अपमान नव्हे. पुण्यातील 'अंथ्रा' या संस्थेच्या पशुवैद्यक स्त्रियांनी १९९० च्या दशकात महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातील पशुपालकांचे उपचार त्यांच्याकडून समजून घेतले, नोंदविले, आणि त्यांतील उपयुक्त कोणते, निरुपयोगी कोणते व घातक कोणते याची छाननी केली. आंधळी भक्ती आणि आंधळा तिरस्कार यांच्या पलीकडची वाट आहे, हे या कामातून दिसते.

दवाखान्याला कुलूप, दुकान उघडे

हे ज्ञान मागे का पडले, याचे उत्तर नुसते 'आधुनिकता आली म्हणून' असे देऊन भागत नाही. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलांभोवती कुंपण पडले. गुराख्याला चराई बंद झाली आणि त्याबरोबर औषधी झाडेही त्याच्या हातून गेली. शेतकऱ्याची गुरे चराईवाचून कशी मरतात, फॉरेस्ट खात्याने गावाची कुरणे कशी गिळली, याचे वाभाडे महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्याच काळात काढले होते. झाडपाल्याची विद्या झाडावाचून टिकत नाही. जंगल गेले तेव्हाच वैद्याचे दुकान मोडले.

त्या जागी सरकारी पशुवैद्यक आले. त्याचे उपकार बुळकांडीच्या बाबतीत आपण पाहिले. परंतु ते पुरेसे कधीच आले नाही. दर पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली केली होती. दुर्गम तालुक्यांतल्या पशुपालकाला ती आजही स्वप्नवत वाटते. दवाखान्याची इमारत असते, पाटी असते, डॉक्टरची जागा रिकामी असते. संकरित गाईंच्या पट्ट्यात डॉक्टर मोटारसायकलवरून गोठ्यात येतो. शेळ्यामेंढ्यांच्या पट्ट्यात तो क्वचित दिसतो. कारण दुधाच्या धंद्यात पैसा आहे, शेळी राखणाऱ्या बाईच्या हाती पैसा नाही.

ही पोकळी दुकानाने भरून काढली. दुकानदार सांगेल ती गोळी, कंपनीचा माणूस देईल ते इंजेक्शन. याचा परिणाम काय झाला याचे एकच उदाहरण पुरे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध १९९० च्या दशकात स्वस्त झाले आणि गुरांना सर्रास टोचले जाऊ लागले. अशी मेलेली जनावरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधाच्या निर्मितीवर बंदी घातली, तोवर आकाश रिकामे झाले होते. प्रतिजैविकांचीही तीच कथा. माणसाच्या उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन खाद्यप्राण्यांना देण्यावर २०१९ साली बंदी घालावी लागली. गाईची कास सुजली की प्रतिजैविकाची नळी कासेत सोडायची आणि त्याचा अंश उतरलेले दूध संकलन केंद्रावर ओतायचे, हा प्रकार शहरातील ग्राहकाच्या मुलाच्या पेल्यापर्यंत पोचतो.

येथेच झाडपाल्याचा खरा उपयोग दिसून येतो. काससुजीवर २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून कासेला दिवसातून अनेकदा लेप लावण्याची रीत तमिळनाडूतील पशुवैद्यकांनी पशुपालकांच्या उपचारांच्या आधारे निश्चित केली आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ती देशभर पोचविली. दुखणे आरंभीच ओळखून हा उपाय केला तर पुष्कळदा इंजेक्शनाची वेळ येत नाही. कोरफड बांधावर असते, हळद नि चुना घरात असतो. पशुपालकाचा खर्च वाचतो, दूध निर्धोक राहते. विज्ञानाने लोकज्ञानाकडे विद्यार्थी म्हणून जावे आणि परत येताना ते तपासून, माप ठरवून लोकांच्या हाती द्यावे, असा हा व्यवहार आहे.

पण याच यशात एक धोका आहे आणि त्याविषयी सावध राहावयास हवे. 'घरच्या घरी उपचार करा' हा सल्ला देणे सरकारला फार स्वस्त पडते. डॉक्टरच्या जागा भरण्यापेक्षा कोरफडीचे पत्रक छापणे सोपे. श्रीमंताच्या गोठ्याला डॉक्टर आणि गरिबाच्या शेळीला पाला, अशी वाटणी परंपरेच्या नावाने होऊ लागली तर ती आपण मुळीच मान्य करता कामा नये. झाडपाला पशुवैद्याच्या जोडीला हवा. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर पांघरूण म्हणून नको.

कायद्याने पुन्हा पोथीचीच बाजू घेतली

आता मालकीचा प्रश्न. १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाला हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाचे पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करविले. कडुनिंबाच्या बुरशीनाशकाचे युरोपातील पेटंटही लढा देऊन उडविले गेले. या दोन्ही वेळी देशभर स्वाभिमानाची लाट आली, ती योग्यच होती. परंतु परदेशी कंपनीविरुद्ध जागणारा हा स्वाभिमान देशी कंपनीविरुद्ध झोपी जातो, हे पुढील इतिहासावरून दिसते.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने असे तत्त्व मांडले की, जैविक संपत्ती आणि तिचे ज्ञान वापरून नफा मिळविणाऱ्याने त्यातील वाटा ते जपणाऱ्या लोकांना द्यावा. २०१८ च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निकाल दिला की, हे बंधन देशी कंपन्यांनाही लागू आहे. हा निकाल म्हणजे डोंगरात मुळ्या खणणाऱ्यांच्या बाजूने उच्चारला गेलेला एक न्याय्य शब्द होता. तो फार काळ टिकू दिला गेला नाही. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभाच्या वाटणीतून सूट मिळाली, लागवडीच्या औषधी वनस्पतींनाही सूट मिळाली, आणि कायदाभंगाबद्दलची कैदेची शिक्षा जाऊन केवळ दंड उरला.

'ग्रंथबद्ध' या एका शब्दात किती वर्गीय राजकारण सामावले आहे ते पाहा. शतावरीचा उल्लेख ग्रंथात आहे, म्हणून दुभत्या जनावरांसाठी शतावरीची पूड विकणारा कारखानदार या पळवाटेने निसटू शकतो. ज्या आदिवासी बाईने ती मुळी खणली, जिच्या आजीने ती केव्हा खणावी हे शिकविले, तिला व्यापारी देईल तो भाव. पूर्वी पोथीने कुणब्याच्या बैलाला वगळले होते. आता कायदा पोथीचाच दाखला घेऊन धनगराला, वैदूला आणि आदिवासीला त्यांच्या हक्कातून वगळतो आहे.

दुसरीकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही. भोंदूंना आवर घालण्यासाठी असा कायदा हवा, हे मान्य. परंतु गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याने कामट्या बांधून शेळीचा पाय जोडला तर तो कायद्याच्या नजरेत संशयित, आणि त्याच्याच वेलाची पूड आकर्षक डब्यात विकणारी कंपनी मात्र प्रतिष्ठित उद्योजक, ही विसंगती कोणत्या न्यायात बसते?

कार्यकर्त्यांपुढील काम

या परिस्थितीत आपण काय करावयाचे? पहिली गोष्ट, प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि तिने लोकांची नोंदवही तयार करावी, असे कायदाच सांगतो. बहुतेक ठिकाणी या नोंदवह्या बाहेरच्या ठेकेदारांकडून कागदोपत्री उरकल्या जातात. आपल्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उभे राहून ती नोंदवही मागावी, ती वाचून दाखवावयास लावावी, आणि धनगर, वैदू, आदिवासी व विशेषतः स्त्रिया यांच्या तोंडून ती पुन्हा भरून घ्यावी. कोणती गोष्ट नोंदवावयाची आणि कोणती स्वतःपाशी ठेवावयाची, हा निर्णय त्यांचाच राहील, हे पथ्य पाळावे. नोंद ही व्यापाऱ्याच्या हाती पडणारी यादी ठरू नये.

दुसरी गोष्ट, वनाधिकाराचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. २००६ च्या कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतील मेंढा लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखविला. बेहडा, वावडिंग, पळस, कुडा यांची झाडे जेथे ग्रामसभेच्या ताब्यात असतील तेथे औषधही टिकेल आणि भावही ठरविता येईल. गायरानांच्या बाबतीत मात्र भान ठेवावयास हवे. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक जमिनीवर दलित भूमिहीनांचा हक्क उच्चरवाने सांगितला आहे. शेळी राखणारा आणि गायरान कसणारा हे दोघेही आपलेच आहेत, पुष्कळदा ते एकाच घरात नांदतात. त्यांना एकमेकांविरुद्ध झुंजविण्याचा डाव ओळखून, गायराने बड्या प्रकल्पांच्या घशात जाण्याविरुद्ध दोघांची एकजूट बांधावी.

तिसरी गोष्ट, पशुवैद्यक दवाखान्यांतील रिक्त जागा, फिरती पथके आणि वेळेवर लस, या मागण्या आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत ठळकपणे आल्या पाहिजेत. वीज, पाणी, रेशन यांच्या यादीत शेळीचा दवाखाना अद्याप क्वचितच दिसतो. लंपीच्या साथीत दुभत्या गाईसाठी ३० हजार आणि बैलासाठी २५ हजार रुपयांची भरपाई राज्य सरकारने जाहीर केली. साथीने कळप गारद झालेल्या मेंढपाळालाही अशीच निश्चित आणि तत्पर भरपाई का नसावी, हा प्रश्न धसास लावावयास हवा.

चौथी गोष्ट, पशुवैद्यक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात लोकांच्या उपचारांची तपासणी हा मानाचा विषय व्हावा, आणि त्या तपासणीत पशुपालकाला साक्षीदार न मानता सहकारी मानावे. गावातील तरुण मुलींना प्राथमिक उपचारांचे रीतसर शिक्षण देऊन पशुवैद्याच्या देखरेखीखाली काम करू द्यावे. १९८४ च्याच कायद्यात किरकोळ सेवांपुरती अशी मुभा राज्य सरकारला देता येते. त्या मुभेची कक्षा रुंदावण्याची मागणी करणे अशक्य कोटीतले नाही.

ज्ञान आणि संपत्ती या दोहोंचे उत्पादन श्रमिक करतो आणि दोहोंची मालकी दुसऱ्याकडे जाते, हे आपण गिरणीच्या आणि शेताच्या बाबतीत नेहमी सांगत आलो. गोठ्यात आणि रानातही तेच घडत आहे. करंजाचे तेल कोणत्या खरजेला लागू पडते हे ज्या अनाम धनगराने प्रथम पाहिले, त्याचे नाव कोणत्याच पोथीत नाही आणि पेटंटातही नाही. त्याच्या वारसांना पुतळा नको आहे. त्यांना चराईला रान हवे, मेंढराला लस हवी, आणि आपल्या विद्येच्या कमाईत हक्काचा वाटा हवा. तो मिळवून देण्याचे काम आपल्या जिल्हा-तालुका समित्यांनी येत्या ग्रामसभांपासूनच हाती घ्यावयास हवे.